कारखाना बारमाही, स्त्री मात्र हंगामी

मुंबईच्या उपनगरांत 'हंगाम' हा शब्द दोन निरनिराळ्या अर्थांनी रूढ झालेला आहे. मुलुंड, भांडुप, कांजूरमार्ग या पट्ट्यात खाडीला लागून जी मिठागरे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली, तेथे हंगाम निसर्गाने ठरविलेला असे. पावसाळा सरला की खाडीचे पाणी वाफ्यांत घ्यावयाचे, उन्हाने ते आटवावयाचे आणि पुढचा पाऊस येण्यापूर्वी मीठ उचलावयाचे, हा तेथला क्रम होता. भर पावसात मीठ पिकविणे कोणत्याही मालकाच्या हाती नाही. त्यामुळे जूनमध्ये मिठागराचे काम थांबले तर त्यात कोणाचा दोष काढता येत नाही.

साकीनाका, मरोळ, घाटकोपर किंवा मुलुंड येथील औद्योगिक गाळ्यांतला हंगाम याहून वेगळा आहे. शाळा उघडण्यापूर्वी वह्या आणि छत्र्या, श्रावणापूर्वी राख्या, दिवाळीपूर्वी भेटवस्तूंची खोकी, नाताळापूर्वी परदेशी जाणारे कपडे आणि दागिने अशी मागणीची भरती येते आणि ओसरते. परंतु भरती ओसरली म्हणून गाळ्याला कुलूप लागत नाही. यंत्रे चालू असतात, विजेचे बिल येत असते, हिशेबनीस आणि पहारेकरी बारा महिने कामावर असतात. पॅकिंगच्या टेबलाशी बसणारी, लेबले चिकटविणारी, खडे बसविणारी स्त्री तेवढी 'हंगामी' असते. पहिल्या प्रकारात उद्योगच हंगामी आहे; दुसऱ्या प्रकारात उद्योग बारमाही असून कामगार हंगामी ठरविला गेला आहे. या दोहोंतला भेद आपल्या सार्वजनिक चर्चेत क्वचितच केला जातो, आणि तो न केल्यामुळेच एक मोठा अन्याय नजरेआड राहतो.

हा अन्याय बडतर्फीचा आहे, परंतु त्याला बडतर्फी म्हणता येत नाही. तीन हंगाम कामावर असलेल्या मुलीचे लग्न ठरले किंवा विवाहित स्त्रीला दिवस गेले, तर तिला कोणी नोटीस देत नाही, आरोपपत्र देत नाही, चौकशीला बोलावीत नाही. हंगाम संपतो, सर्वांबरोबर तीही घरी जाते, आणि पुढचा हंगाम सुरू होतो तेव्हा इतरांना निरोप जातो, तिला जात नाही. ती फाटकाशी येऊन विचारते तेव्हा 'यंदा माणसे भरली' एवढे उत्तर मिळते. काढून टाकण्याची कृती घडलेलीच नसते. परत न बोलावण्याची असते. आणि न घडलेल्या कृतीविरुद्ध दाद मागणे ही कायद्याच्या जगात अतिशय अवघड गोष्ट आहे.

दोनशे चाळीस दिवसांचे गणित

या प्रथेचे मूळ समजून घेण्यासाठी एका आकड्याकडे पाहावे लागते. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याने असे ठरविले होते की, बारा महिन्यांत २४० दिवस प्रत्यक्ष काम केलेल्या कामगाराची एक वर्षाची अखंड सेवा झाली असे मानावे, आणि अशा कामगारास नोटीस व नुकसानभरपाई दिल्याखेरीज कमी करू नये. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेने या कायद्याची जागा घेतली आणि ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. तथापि २४० दिवसांचा निकष नव्या संहितेतही कायम आहे.

कामगाराच्या संरक्षणासाठी घातलेली ही रेषा व्यवहारात मात्र मालकाच्या सोयीची झाली. महिन्याचे २६ दिवस धरले तर नऊ महिन्यांचे २३४ दिवस होतात. म्हणजे रेषेच्या सहा पावले अलीकडे. मग 'ब्रेक' द्यावयाचा आणि काही आठवड्यांनी नव्याने हजेरी सुरू करावयाची. वस्तुतः हे गणितही निर्दोष नाही. १९८५ साली अमेरिकन एक्स्प्रेस बँकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, २४० दिवस मोजताना पगारी रविवार आणि पगारी सुट्ट्या वगळता येणार नाहीत. त्या धरल्या तर आठ महिन्यांतच रेषा ओलांडली जाते. परंतु रोजंदारीवरील स्त्रीजवळ हजेरीचा पुरावा काय असतो? हजेरीचे कार्ड असलेच तर ते मुकादमाकडे किंवा कंत्राटदाराकडे असते, आणि दर ब्रेकनंतर नवे कार्ड निघते. न्यायालयाने दिलेला हक्क सिद्ध करण्याचे साधन अशा रीतीने विरुद्ध पक्षाच्या कपाटात राहते.

महाराष्ट्राने या युक्तीची दखल फार लौकर घेतली होती, ही गोष्ट अभिमानाने सांगण्यासारखी आहे. कामगार संघटनांना मान्यता देण्यासंबंधीचा आणि अनुचित कामगार प्रथांना आळा घालणारा कायदा राज्याने १९७१ साली केला. त्याच्या चौथ्या परिशिष्टात एक कलम असे होते की, कामगारांना कायम कामगाराचे हक्क मिळू नयेत या हेतूने त्यांना वर्षानुवर्षे बदली, नैमित्तिक किंवा तात्पुरते म्हणून ठेवणे ही अनुचित प्रथा होय. पुढे केंद्रीय कायद्यानेही ही व्याख्या स्वीकारली आणि २०२० च्या संहितेच्या परिशिष्टातही ती आहे. यात अडचण होती ती 'हेतू' या शब्दाची. मालकाच्या मनातला हेतू कामगाराने सिद्ध कसा करावयाचा? महाराष्ट्राच्या वन खात्यातील मजुरांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली यावर वाट काढली. माणसे वर्षानुवर्षे तात्पुरती ठेवली गेली असतील तर त्या वस्तुस्थितीवरूनच हेतूचे अनुमान काढता येईल, असे न्यायालयाने म्हटले. परंतु हे अनुमान उपयोगी पडते ते जी 'वर्षानुवर्षे' टिकली तिला. दुसऱ्या-तिसऱ्या हंगामानंतर विवाहामुळे किंवा बाळंतपणामुळे जिला बोलावलेच गेले नाही, तिच्या पदरात ते फारसे काही टाकीत नाही.

लग्नाची अट

येथे कोणी असे विचारील की, हा प्रश्न तर सर्वच तात्पुरत्या कामगारांचा आहे. त्यात स्त्रियांचे वेगळे काय? याचे उत्तर मुंबईच्याच औद्योगिक इतिहासात आहे.

स्वातंत्र्यानंतरच्या दोन-तीन दशकांत मुंबई आणि तिच्या उपनगरांत औषधनिर्मितीचा धंदा झपाट्याने वाढला. मुलुंडच्या लाल बहादूर शास्त्री मार्गापासून साकीनाक्यापर्यंत औषधांचे मोठे कारखाने उभे राहिले. गोळ्या मोजणे, बाटल्या तपासणे, लेबले लावणे ही कामे स्त्रियांच्या हाती आली. हात हलके, नजर बारीक आणि मजुरी कमी, अशी त्यामागची विचारसरणी होती. मात्र काही कंपन्यांच्या नियमांत एक अट असे: मुलीचे लग्न झाले की तिची नोकरी संपली.

इंटरनॅशनल फ्रँचायझेस या औषध कंपनीतील अशा अटीविरुद्ध बॉम्बे लेबर युनियनने लढा दिला. औद्योगिक न्यायाधिकरणापुढे संघटनेला यश आले नाही, म्हणून प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९६५ साली त्याचा निकाल लागला. कंपनीचे म्हणणे असे की, त्या विभागातले काम गटागटाने चालते. एक जरी गैरहजर राहिली तरी सारा गट खोळंबतो. आणि विवाहित स्त्रिया अधिक गैरहजर राहतात. न्यायालयाने हा युक्तिवाद एकेक पदर उलगडून तपासला. विवाहित स्त्रिया अविवाहितांपेक्षा किंवा विधवांपेक्षा अधिक गैरहजर राहतात याला पुरावा कोठे आहे? मुलाबाळांमुळे गैरहजेरी वाढते असे म्हणावे तर मुले विधवांनाही असतात. फरक उरतो तो केवळ बाळंतपणाच्या रजेचा. आणि त्यासाठी थोडी राखीव माणसे ठेवली की गटाचे काम अडण्याचे कारण नाही. ही अट समर्थनीय नाही असे ठरवून न्यायालयाने ती रद्द केली.

साठ वर्षांपूर्वीचा हा निकाल आजही वाचण्यासारखा आहे, कारण त्यातला युक्तिवाद कायद्याचा कमी आणि व्यवहारज्ञानाचा अधिक आहे. स्त्रीविषयीच्या समजुतीला त्याने पुरावा मागितला. समजुती पुराव्यावर क्वचितच उभ्या असतात.

सोळा वर्षांनी, १९८१ साली, एअर इंडियाच्या हवाई सुंदरींचा खटला निकालात निघाला. सांताक्रूझ-सहार विमानतळामुळे अंधेरी परिसराला परिचित असलेला हा व्यवसाय. पहिल्या गर्भधारणेबरोबर नोकरी संपविण्याचा नियम सर्वोच्च न्यायालयाने कठोर शब्दांत धिक्कारून रद्द केला. परंतु नोकरी लागल्यापासून चार वर्षांच्या आत लग्न केल्यास नोकरी जाण्याचा नियम मात्र न्यायालयाने वैध ठरविला. एकाच निकालात पुढे टाकलेले आणि मागे घेतलेले पाऊल असे शेजारी शेजारी दिसते.

उघड अटीकडून मूक प्रथेकडे

१९६५ च्या निकालानंतर काय झाले? अर्थशास्त्राच्या दृष्टीने हा भाग सर्वांत महत्त्वाचा आहे. अट गेली, परंतु अटीमागचा हिशेब गेला नाही. लग्नानंतरही स्त्रिया कामावर राहू लागल्या, बाळंतपणाची रजा मागू लागल्या, पाळणाघराचा प्रश्न विचारू लागल्या, तसतशी मुंबईतल्या अनेक मोठ्या औषध कंपन्यांनी स्त्रियांची नवी भरतीच थांबविली. ज्या कायम झाल्या होत्या त्या निवृत्त होईपर्यंत राहिल्या. त्यांच्या जागी स्त्रिया आल्या नाहीत. पॅकिंगचे काम लहान गाळ्यांकडे आणि कंत्राटदारांकडे गेले, आणि तेथे पुन्हा तरुण, बहुधा अविवाहित मुली त्याच टेबलाशी बसल्या. या वेळी मात्र तात्पुरत्या म्हणून.

म्हणजे ज्या अटीला न्यायालयाने समोरच्या दाराने बाहेर घालविले, ती 'हंगाम' हे नाव धारण करून मागच्या दाराने आत आली. नियमावलीत लग्नाचा उल्लेख करण्याचे आता कारण उरले नाही. नोकरीच नऊ महिन्यांची असेल तर लग्नाची अट हवी कशाला? प्रत्येक हंगामाच्या आरंभी मालकाला निवडीची नवी संधी मिळते, आणि निवड न करण्याचे कारण देण्याचे बंधन त्याच्यावर नसते. मरोळ येथे १९७३ साली स्थापन झालेल्या सीप्झमध्ये आधी इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या आणि पुढे जडजवाहिराच्या कारखान्यांत तरुण स्त्रियांचा मोठा भरणा झाला. निर्यातीच्या मागणीबरोबर कमीअधिक होणारे हे काम असल्याने तात्पुरत्या नेमणुकीची पद्धत तेथेही रुजली.

पुरुष कामगारालाही ब्रेक मिळतो, हे खरे. परंतु त्याच्या लग्नाची बातमी कळल्यावर मुकादम त्याचे नाव यादीतून गाळीत नाही. उलट संसारी माणूस झाला, आता टिकून राहील, असा त्याचा अर्थ लावला जातो. एकाच घटनेचा पुरुषाच्या बाबतीत एक अर्थ आणि स्त्रीच्या बाबतीत नेमका उलटा अर्थ लावणे यालाच भेदभाव म्हणतात.

अशा रीतीने बाहेर पडलेली स्त्री श्रमाच्या बाजारातून नाहीशी होत नाही, हेही लक्षात घेतले पाहिजे. तिची मिळकत घराला हवीच असते. मग राख्या, नकली दागिने, खोकी यांचे काम ती घरी आणते आणि डझनावर मजुरी घेते. पुष्कळदा माल त्याच बाजारातला असतो आणि कौशल्यही तेच असते. बदललेले असते ते इतकेच की हजेरी नाही, विमा नाही, भविष्यनिर्वाह निधी नाही, जागेचे आणि दिव्याचे भाडेही तिचेच. काम संपले म्हणून तिला बोलावले नाही, हे म्हणणे येथे उघडे पडते. काम होतेच, कामाबरोबर येणारी जबाबदारी तेवढी नको होती.

साखर कारखान्यांचा धडा

खरोखरीच्या हंगामी उद्योगात कायदा कसा वागतो हे पाहण्यासाठी उपनगरे सोडून क्षणभर ऊसपट्ट्याकडे वळले पाहिजे, कारण महाराष्ट्रात हंगामी नोकरीचा सर्वांत मोठा आणि जुना अनुभव साखर कारखान्यांचा आहे. गाळप संपले की हंगामी कामगार घरी जातो. हे कमी करणे कायद्याच्या अर्थाने कपात ठरते काय, हा प्रश्न पंजाबातील मोरिंडा सहकारी साखर कारखान्याच्या प्रकरणात १९९५ साली सर्वोच्च न्यायालयापुढे आला. ती कपात नव्हे, असे न्यायालयाने ठरविले. परंतु न्यायालय तेथे थांबले नाही. हंगामात काम केलेल्या सर्व कामगारांची नोंदवही ठेवावी, नवा हंगाम सुरू होताना आसपासच्या गावांत जाहीर सूचना द्यावी आणि ज्येष्ठतेनुसार, कामाच्या गरजेप्रमाणे त्यांना परत घ्यावे, असा निर्देश त्याने दिला. १९९७ साली कऱ्हाड तालुक्यातील कृष्णा सहकारी साखर कारखान्याच्या कामगाराच्या खटल्यातही हाच निकाल आधारभूत मानला गेला.

या निर्देशाचे मर्म असे की, हंगाम संपल्याने काम थांबते, नाते तुटत नाही. १९७२ च्या ग्रॅच्युइटी कायद्यातही हेच तत्त्व होते. हंगामी आस्थापनेतील कामगाराला प्रत्येक हंगामामागे सात दिवसांचे वेतन ग्रॅच्युइटी म्हणून द्यावे असे तो सांगे. आणि अशा आस्थापनेत अखंड सेवा मोजताना २४० दिवसांचा नव्हे, तर कारखाना जितके दिवस चालला त्याच्या ७५ टक्के दिवसांचा निकष त्याने लावला होता. हंगामांची साखळी ही एकच सेवा आहे, हे तत्त्व भारतीय कायद्याला अशा प्रकारे पूर्वीपासून परिचित आहे.

आता यातली विसंगती पाहा. जो उद्योग निसर्गतःच हंगामी आहे, तेथील कामगाराला परत बोलावले जाण्याचा क्रम ठरवून मिळतो. जो उद्योग बारा महिने चालतो, तेथील 'हंगामी' स्त्रीला मात्र ना कायम कामगाराचे संरक्षण, ना खऱ्या हंगामी कामगाराचा क्रम. दोन्हीकडचे तोटे तिच्या वाट्याला आणि दोन्हीकडचे फायदे मालकाच्या, अशी ही वाटणी आहे.

खर्च कोणी सोसावा?

मालकांची बाजू निखालस खोटी आहे असे मानण्याचे कारण नाही. साकीनाक्याच्या गाळ्यात पंधरा-वीस माणसे घेऊन दुसऱ्याच्या मागणीवर काम करणारा लहान कारखानदार स्वतःही असुरक्षित असतो. १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्याने रजेच्या काळातील वेतनाचा भार मालकावर टाकला. २०१७ च्या दुरुस्तीने ही रजा बारा आठवड्यांवरून सव्वीस आठवडे झाली, आणि पहिल्या दोन अपत्यांपुरती ही वाढ स्वागतार्ह असली तरी तिचा खर्चही मालकाच्याच खात्यावर पडला. एखाद्या वस्तूची किंमत वाढविली की तिची मागणी घटते, हा नियम अर्थशास्त्राचा विद्यार्थी पहिल्या वर्षी शिकतो. स्त्रीला नोकरीवर ठेवण्याची किंमत केवळ तिच्या मालकाकडून वसूल केली, तर मालक स्त्रीला टाळील, हे भाकीत करण्यास विशेष विद्वत्ता लागत नाही.

परंतु यावरून रजा कमी करावी असा निष्कर्ष निघत नाही. खर्च वाटून घ्यावा असा निघतो. १९२८ साली मुंबई कायदेमंडळात प्रसूतिविषयक विधेयकावर बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हीच दिशा दाखविली होती. लोककल्याण ही मूलतः सरकारची जबाबदारी आहे हे मान्य करून त्यांनी असेही बजावले की, स्त्रियांना कामावर ठेवण्यात मालकाचा लाभ असतो, म्हणून तोही या भारातून मोकळा होऊ शकत नाही. पुढच्याच वर्षी मुंबई प्रांतात या विषयावरचा देशातला पहिला कायदा झाला.

खर्च वाटून घेण्याची यंत्रणा आज अस्तित्वात नाही असेही नव्हे. कामगार राज्य विमा योजनेत, ज्या कारखान्यांना ती लागू आहे तेथे, मालक आणि कामगार यांच्या वर्गणीतून मातृत्वाचा लाभ दिला जातो. २०१९ पासून मालकाची वर्गणी वेतनाच्या सव्वातीन टक्के आणि कामगाराची पाऊण टक्का आहे. ही वर्गणी पुरुषासाठीही तितकीच भरावी लागते आणि स्त्रीसाठीही. म्हणजे या योजनेखालील मालकाला गर्भवती स्त्रीच्या रजेचे वेतन स्वतःच्या खिशातून द्यावे लागत नाही. तरीही तो तिला परत बोलावीत नसेल, तर 'स्त्री महाग पडते' हा युक्तिवाद त्याच्या तोंडी शोभत नाही. मात्र १९४८ च्या विमा कायद्याने हंगामी कारखान्यांना योजनेतून वगळले होते, आणि उपनगरांतील अनेक तात्पुरत्या कामगारांची नावे योजनेच्या दप्तरात चढतच नाहीत. ज्यांना आधाराची गरज सर्वांत अधिक, त्यांच्यापर्यंत आधार पोचत नाही.

न्यायालये या बाबतीत विधिमंडळांच्या पुढे चालत आली आहेत. ८ मार्च २००० रोजी, महिला दिनाच्याच दिवशी, सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली महापालिकेच्या मस्टरवरील स्त्री मजुरांना मातृत्वाचा लाभ मिळाला पाहिजे असा निकाल दिला. त्या कायम नाहीत ही सबब त्याने ऐकली नाही. २०२३ साली त्याने असे ठरविले की, पात्र ठरलेल्या स्त्रीला मातृत्वाचा लाभ करारनाम्याची मुदत संपल्यानंतरच्या काळासाठीही द्यावा लागेल. परंतु या निकालांनी रजेचे पैसे मिळतात; नोकरी मिळत नाही. बाळंतपणानंतर तिला पुन्हा कामावर बोलावणार कोण, हा प्रश्न उरतोच.

पांढरपेशांचा हंगाम

हा प्रश्न केवळ कारखान्यातल्या बाईचा आहे, अशा समजुतीत सुशिक्षित मध्यमवर्गाने राहू नये. जूनमध्ये नेमणूक आणि एप्रिलअखेर मुक्तता हा शाळा-महाविद्यालयांतील तात्पुरत्या शिक्षकांचा अनुभव हंगामी नोकरीचाच आहे. तासिका तत्त्वावर शिकविणाऱ्या प्राध्यापिकेला दर वर्षी नव्याने मुलाखत द्यावी लागते, आणि मुलाखत घेणाऱ्यांना तिच्या घरची वार्ता बहुधा ठाऊक असते. पुढच्या सत्रात तिची रजा लागणार असे दिसले की तास दुसऱ्याच्या नावे जातात. येथेही तिला कोणी काढलेले नसते.

कारकुनी पेशातील एक उदाहरण तर सर्वोच्च न्यायालयाच्या दप्तरात नोंदलेले आहे. आयुर्विमा महामंडळात परिविक्षेवर असलेल्या एका स्त्री कर्मचाऱ्याला मातृत्व रजेनंतर नोकरीतून कमी करण्यात आले. नोकरीच्या वेळी भरून घेतलेल्या प्रपत्रात तिने आपल्या मासिक पाळीविषयीची माहिती बरोबर दिली नाही, असा मुद्दा पुढे करण्यात आला. १९९१ साली न्यायालयाने तिला परत कामावर घेण्यास सांगितले आणि असे प्रश्न प्रपत्रातून काढून टाकण्याची सूचना केली. सरकारी महामंडळाच्या छापील कागदावर जे लिहिलेले होते, ते गाळ्याच्या दारात तोंडी विचारले जाते, एवढाच फरक.

काय करता येईल?

परदेशांतही हा प्रश्न उभा राहिला आणि त्यावर विचार झाला. स्पेनमधील लॉस बारिओस या नगरपालिकेने एका गर्भवती स्त्रीचा मुदतीचा करार पुढे चालू ठेवला नाही, तेव्हा २००१ साली युरोपीय न्यायालयाने दिलेला निर्णय नेमका येथे लागू पडणारा आहे. मुदत संपल्यावर करार पुढे न चालविणे ही स्वतःहून बडतर्फी नव्हे. परंतु तो न चालविण्याचे कारण गर्भारपण असेल तर तो सरळ सरळ लिंगभेद होय, असे त्या न्यायालयाने म्हटले. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २००० सालच्या मातृत्व संरक्षण करारात, गर्भारपणात वा बाळंतपणानंतर नोकरी संपविली तर त्याचे कारण वेगळे होते हे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर टाकलेली आहे. भारताने हा करार स्वीकारलेला नाही.

आपल्याकडे वारा उलट दिशेने वाहण्याचा धोका आहे. नव्या औद्योगिक संबंध संहितेने ठरावीक मुदतीच्या नोकरीला अधिकृत स्थान दिले. अशा कामगाराला कायम कामगाराइतके वेतन आणि एका वर्षानंतर ग्रॅच्युइटी मिळावी, ही तरतूद चांगली आहे. परंतु मुदत संपून गेलेली नोकरी कपातीच्या व्याख्येतून वगळलेली आहे. 'परत न बोलावणे' या कृतीला त्यामुळे अधिकच आडोसा मिळतो. २०१९ च्या वेतन संहितेने भरतीत आणि नोकरीच्या अटींत लिंगभेदाला मनाई केली आहे. त्या मनाईत हंगामागणिक होणारी फेरभरतीही मोडते, असा स्पष्ट अर्थ नियमांनी लावला तरच तिचा काही उपयोग.

त्यासाठी क्रांतिकारक कायद्यांची गरज नाही. साखर कारखान्यांना जी नोंदवही ठेवावयास सांगितली गेली, ती उपनगरांतील प्रत्येक बारमाही कारखान्याने आपल्या तात्पुरत्या कामगारांसाठी ठेवावी; हंगामाच्या आरंभी ज्येष्ठतेची यादी फाटकावर लावावी आणि त्याच क्रमाने माणसे घ्यावीत. क्रम मोडून एखाद्या स्त्रीला वगळले आणि मधल्या काळात तिचा विवाह किंवा बाळंतपण झालेले असले, तर वगळण्याचे कारण लेखी देण्याचे आणि सिद्ध करण्याचे ओझे मालकावर असावे. जुन्या औद्योगिक विवाद कायद्याने २४० दिवस मोजताना बारा आठवड्यांपर्यंतची मातृत्वाची रजा कामाचे दिवस म्हणून धरली होती. तेच तत्त्व हंगामाच्या ज्येष्ठतेलाही लावावे, म्हणजे एक हंगाम चुकला म्हणून ती यादीच्या तळाशी जाणार नाही. नियुक्तीपत्र देणे आता बंधनकारक झालेले आहे. त्याबरोबर हजेरीची नोंदही कामगाराच्या हाती राहावी. आणि विमा योजनेची कक्षा तात्पुरत्या प्रत्येक कामगारापर्यंत नेऊन मातृत्वाचा खर्च साऱ्या उद्योगाने मिळून उचलावा.

यांतली एकही गोष्ट मालकाला काम नसताना माणसे पोसावयास सांगत नाही. मागणी ओसरली तर कामगार कमी होतील. ते कोणत्या क्रमाने परत येतील एवढेच येथे मागितले आहे. १९६५ साली सर्वोच्च न्यायालयाने एका औषध कंपनीला विचारले होते की, विवाहित स्त्री काम करू शकत नाही याला पुरावा काय? त्या प्रश्नाचे उत्तर अद्याप कोणी दिलेले नाही. ते द्यावे लागू नये म्हणून नोकरीच हंगामी करून टाकण्याची वाट मात्र सापडली. ती वाट बंद केल्याखेरीज त्या निकालाचे काम पुरे झाले असे म्हणता येणार नाही.